वल्हं, गन आणि अ‍ॅक्सिलरेटर

प्रश्न : मी मोशीला राहतो आणि चाकणला एका वाहन कारखान्यात असेंब्ली लाइनवर काम करतो. वय ३१. गेली दोन वर्षं सुट्टीच्या दिवशी मित्रांबरोबर पवना धरणावर कयाक चालवायला जातो. जानेवारीत कयाक काठावर ओढून घेताना ओल्या दगडावरून पाय घसरला आणि उजव्या तळहातावर आपटलो. त्याच दिवशी एक्स-रे काढला. ‘हाड मोडलेलं नाही, मुरगळलंय’ असं सांगितलं. क्रेप बँडेज बांधलं, गोळ्या घेतल्या आणि आठवड्याभरात कामावर हजर झालो. आता तीन महिने झाले. सकाळी बरं असतं, पण शिफ्ट संपेपर्यंत अंगठ्याच्या बाजूला ठणका लागतो. कयाक तर तेव्हापासून बंदच आहे, मग दुखणं जात का नाही? माझ्या भावाचा पाय मोडला होता, तो दोन महिन्यांत चालायला लागला. एवढंसं मनगट, त्याला एवढा वेळ का?

उत्तर : भावाच्या पायाशी केलेली तुलना नेमकी आहे, आणि तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिच्यातच आहे. पाय मोडलेल्या माणसाला घरचे उठू देत नाहीत, पाण्याचा तांब्यासुद्धा जागेवर आणून देतात. मनगट दुखावलेला माणूस मात्र चौथ्या दिवशी गाडीला किक मारून कामावर जातो. पायाला सक्तीची रजा मिळते, हाताला कोणी देत नाही. पण या निम्म्या उत्तराकडे वळण्याआधी दुसरी गोष्ट तपासायला हवी, आणि ती तातडीची आहे.

तुम्ही उघड्या तळहातावर पडलात आणि दुखतंय अंगठ्याच्या बाजूला. हे दोन्ही एकत्र आलं की हाडाच्या डॉक्टरांना पहिल्यांदा स्कॅफॉइड या हाडाची शंका येते. मनगटात आठ लहान हाडं दोन ओळींत बसलेली असतात. त्यांतलं स्कॅफॉइड अंगठ्याच्या बाजूला असतं आणि दोन्ही ओळींना जोडून धरतं. तळहातावर पडल्यावर या आठांमध्ये सगळ्यांत जास्त वेळा तेच मोडतं, आणि मोडतं ते बहुतेक तुमच्यासारख्या तरुण पुरुषांचं. चीर बारीक असेल तर ती पहिल्या दिवसाच्या एक्स-रेत दिसतेच असं नाही. म्हणून तेव्हा ज्यांनी ‘मोडलेलं नाही’ म्हटलं, त्यांनी फिल्ममध्ये दिसलं तेच सांगितलं असेल. तिथे दुखत असेल तर अंगठ्याला आधार देऊन दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढायचा, किंवा आधीच एमआरआय करून शंका मिटवायची, हा नियम आहे. तुमच्या पत्रात त्या दुसऱ्या एक्स-रेचा उल्लेख नाही. तो राहून गेला असावा असं वाटतं.

आता हे हाड भरून यायला उशीर का लावतं ते पाहा. त्याचा बहुतेक पृष्ठभाग कूर्चेने झाकलेला असतो, कारण चहूबाजूंनी त्याला शेजारच्या हाडांवर सरकायचं असतं. रक्तवाहिन्यांना आत शिरायला जागा थोडीच उरते. त्यातही रक्त बोटांकडच्या टोकाने आत येतं आणि मागे, कोपराच्या दिशेने जातं. हाड मध्येच मोडलं तर मागच्या तुकड्याचा रक्तपुरवठा तुटतो. भावाच्या नडगीला असा उलटा प्रवास करावा लागत नाही. म्हणून स्कॅफॉइडला साधं प्लास्टर घातलं तरी आठ ते बारा आठवडे लागतात. मागच्या टोकाला मोड असेल तर आणखी जास्त, आणि कधीकधी बारीक स्क्रू घालावा लागतो. न जुळलेलं स्कॅफॉइड तसंच राहू दिलं तर काही वर्षांनी मनगटाचा सांधा झिजतो. तुम्हाला अजून पंचवीस-सत्तावीस वर्षं या हाताने काम करायचं आहे. हे घाबरवण्यासाठी सांगत नाही. या आठवड्यात दवाखान्यात जा, इतकंच म्हणणं आहे.

घरी एक गोष्ट करून बघा. उजव्या हाताचा अंगठा ‘थम्सअप’सारखा मागे ताणा. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या बाजूला दोन ताणलेल्या दोऱ्यांमध्ये एक खळगा पडेल. जुने लोक याच खळग्यात तपकिरीची चिमूट ठेवून ओढायचे. अंगठा थोडा सैल सोडा आणि डाव्या हाताच्या पहिल्या बोटाने खळग्याच्या तळाशी दाबा. मग डाव्या हाताच्या खळग्यात तेवढंच दाबून तुलना करा. थोडंसं तिथे सगळ्यांनाच दुखतं, म्हणून तुलना हवीच. उजवीकडे कळ उठली तर हाडाच्या डॉक्टरांना सरळ सांगा, ‘स्कॅफॉइडचा वेगळा एक्स-रे काढायचा आहे.’ तीन महिन्यांनंतर हाड जुळलंय की नाही हे सीटी स्कॅनमध्ये चांगलं दिसतं. संत तुकारामनगरच्या वायसीएम रुग्णालयात अस्थिरोग विभाग आहे. तुमचा ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) असेल तर चिंचवडच्या मोहननगरचं रुग्णालय आहेच. जानेवारीची फिल्म बरोबर न्या. नवी आणि जुनी शेजारी धरली की डॉक्टरांचं काम निम्मं होतं.

खळगा कोरा निघाला, तर बोट थोडं मागे, कोपराच्या दिशेने सरकवा. अंगठ्याच्या रेषेत मनगटाचा जो उंचवटा हाताला लागतो, तिथे दुखतं का? अंगठा मुठीत घ्या आणि मूठ हळूच करंगळीकडे झुकवा. त्याच उंचवट्यावर कळ आली, तर अंगठा हलवणारे दोन टेंडन ज्या आवरणातून जातात ते सुजलेलं असण्याची शक्यता मोठी. याला डी क्वेर्वेनचा आजार म्हणतात. स्विस शल्यचिकित्सक फ्रिट्झ डी क्वेर्वेन यांनी १८९५ मध्ये त्याचं वर्णन केलं. परकराच्या नेफ्यात नाडी सरकते तसा टेंडन या आवरणात सरकतो. नेफा आकसला की नाडी अडते, आणि जितकी ओढाल तितका नेफा आणखी आवळतो. बाळ सारखं उचलून घेणाऱ्या नव्या आयांना हा त्रास फार होतो. मधुमेह असलेल्यांनाही जास्त होतो, म्हणून एकदा साखर तपासून घ्या.

आता तुमचा खरा प्रश्न. कयाक बंद आहे तरी दुखणं का जात नाही?

कारण बंद आहे फक्त कयाक. पत्रात तुम्ही पवनेचं पाणी, दगड, घसरणं सगळं लिहिलंत, पण रोजच्या आठ तासांत उजवा हात काय करतो ते लिहिलं नाहीत. असेंब्ली लाइनवर आहात म्हणजे हातात गन असणार, हवेवरची किंवा बॅटरीची. ट्रिगर दाबला की नट धावत बसतो. पण शेवटी घट्ट होण्याच्या क्षणी गनला हिसका बसतो. नट हलत नाही, म्हणून गन फिरायला बघते, आणि तिला थांबवतं तुमचं मनगट. समजा मिनिटाला एक गाडी तुमच्या स्टेशनवरून जाते आणि प्रत्येक गाडीला तुम्ही चार नट आवळता. चहा-जेवण वगळून सात तासांत सोळाशेच्या वर हिसके होतात. पवनेवर रमतगमत तासभर वल्हवलं तर वल्ह्याचे दोन-तीन हजार फेरे होतात, पण तेही आठवड्यातून एकदा. गनचे हिसके आठवड्यातले सहा दिवस.

आणि मग जाण्यायेण्याचा रस्ता. मोशीहून नाशिक रस्त्याने चाकणला जाणाऱ्याला कुरुळी, मेदनकरवाडी आणि तळेगाव चौक यांचं वर्णन करून सांगायची गरज नाही. तुम्हीही मोटारसायकलनेच जात असणार, आणि ती रांगत चालते. उजवा तळवा अ‍ॅक्सिलरेटरवर, मनगट मागे वाकलेलं. जरा पिळ, जरा सोड, पुन्हा पिळ. मागे वाकलेल्या मनगटावर मुठीचा जोर हीच तुमच्या दुखऱ्या जागेला सगळ्यांत न मानवणारी स्थिती. कयाकचं वल्हं फिरवतानाही हेच होतं. त्याची दोन पाती बऱ्याचदा एकमेकांशी कोनात असतात, त्यामुळे दर फेऱ्याला ते एका मनगटाने मागे वळवावं लागतं, आणि बहुतेक वल्ह्यांत ते मनगट उजवं असतं.

वल्हं, गन आणि अ‍ॅक्सिलरेटर, तिन्ही उजव्या हातात. तिघांपैकी एकालाच तुम्ही सुट्टी दिलीत, आणि तोच सगळ्यांत कमी काम करत होता. सकाळी बरं आणि शिफ्ट सुटताना ठणका, ही तुमचीच नोंद याला साक्षी आहे. रात्री मनगट सावरतं आणि दिवसा पुन्हा मोडतं. टेंडनला रक्त कमी मिळतं, त्याची दुरुस्ती आठवड्यांच्या हिशेबाने चालते, आणि दर चोवीस तासांनी आपण ती विस्कटतो.

म्हणून हाड ठीक आहे असं निघालं, की ‘विश्रांती घ्या’ या दोन शब्दांवर समाधान मानू नका. हाताने कोणती कामं करायची नाहीत, हे डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून घ्या. गन नको, जोराची मूठ नको, मनगट मागे वाकवून भार नको, निदान चार ते सहा आठवडे. ती चिठ्ठी घेऊन कंपनीच्या ओएचसीतल्या, म्हणजे कारखान्याच्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांकडे जा आणि लाइट ड्युटी किंवा दुसरं स्टेशन मागा. तपासणी, किटिंग, स्कॅनिंग, अशी कामं जवळजवळ प्रत्येक शॉपमध्ये असतात. जॉब रोटेशन तर बऱ्याच कारखान्यांत कागदावर आधीच आहे. ते तुमच्यापर्यंत पोहोचतं का, हे लाइनवरच्यालाच माहीत.

हे मागताना कंत्राटी कामगाराचा किंवा ट्रेनीचा घसा कोरडा पडतो, याची मला पुरती कल्पना आहे. ‘दुखतंय म्हणालो आणि उद्या गेटवरूनच परत पाठवलं तर?’ या भीतीने या औद्योगिक पट्ट्यातली किती माणसं सकाळी पेनकिलर खाऊन पंच करतात! ती गोळी दुखणं बरं करत नाही, दुखण्याचा इशारा बंद करते, आणि रोजची सवय झाली की पोट आणि मूत्रपिंड दोन्ही बिघडवते. पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत असेल तर तुम्ही ईएसआयमध्ये असायला हवं. तिथे आजारपणात सरासरी पगाराच्या ७० टक्के भत्ता वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळतो. अट एवढीच, की त्याआधीच्या सहामाहीत किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असावी. सुट्टीत झालेली इजा कामावरचा अपघात धरली जात नाही, पण आजारपणाचा हा भत्ता तिलाही लागू आहे. ‘खेळताना लागलं, मग कशाला मिळेल’ असं समजून बरेच जण मागतच नाहीत.

गाडीचं सांगायचं तर कंपनीची बस असेल, तर सहा आठवडे तिने जा. थांब्यापर्यंत थोडं चालावं लागेल, पण या एका बदलाने मनगटाला रोज दीड-दोन तास सुटका मिळते, आणि त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही.

मनगट आणि अंगठा दोन्ही धरणारा पट्टा वापरा, नुसता मनगटाचा नको. कामावर तो घालायचा असेल तर आधी सेफ्टी ऑफिसरला विचारा. फिरत्या स्पिंडलजवळ लोंबणारा वेल्क्रो धोक्याचा असतो. दिवसातून तीन-चार वेळा पट्टा काढून मनगट न दुखता फिरेल तेवढं फिरवा, नाहीतर ते ताठरेल. चार-सहा आठवड्यांत फरक पडला नाही आणि निदान डी क्वेर्वेनचंच असेल, तर डॉक्टर आवरणात स्टेरॉइडचं इंजेक्शन सुचवतील. ते पुष्कळांना लागू पडतं. पण इंजेक्शन घेऊन पुढच्याच दिवशी गन हातात घेणार असाल, तर ते घेऊन काही साधणार नाही.

एक आर्जव. चोळणाऱ्याकडे किंवा हाडवैद्याकडे मनगट ‘बसवायला’ नेऊ नका. कोमट तेलाचा हलका हात घरच्यांनी फिरवला तर हरकत नाही. पण न जुळलेलं स्कॅफॉइड कोणी ओढून झटका दिला, तर जुळण्याची उरलीसुरली आशाही जाऊ शकते.

ठणका थांबल्यावर मनगटाला पुन्हा ताकद द्यायची. कोपर मांडीवर टेकवा, तळवा जमिनीकडे, हातात अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली. डाव्या हाताच्या मदतीने मनगट वर न्या आणि मदत काढून, चार अंक मोजत, एकट्या उजव्याने खाली सोडा. दहा-बारा वेळा, दिवसाआड. दुसऱ्या दिवशी दुखलं तर पाणी कमी करा.

आणि कयाक? मला वाटतं, तुम्ही परत जाल. घाई मात्र नको. पावसाळ्यात पवनेवर तसंही कोणी वल्हवू नये. पावसाळाभर हात सुधारू द्या आणि ऑक्टोबरमध्ये बघा. ओला टॉवेल पिळता आला आणि खुर्चीच्या हातांवर तळवे टेकून उठताना कळ आली नाही, की वीस मिनिटं वल्हवा. दुसऱ्या दिवशीची संध्याकाळ सुखाची गेली तर पुढच्या वेळी तीस. वल्हं हातात घेतल्यावर त्याच्या मधल्या सांध्याकडे बघा. भाड्याच्या बऱ्याच वल्ह्यांना तिथे बटण आणि दोन-तीन भोकं असतात. पाती सरळ एका रेषेत येतील अशा भोकात बटण बसवलं, की मनगट मागे वळवावं लागत नाही. वारा थोडा जास्त लागेल, तेवढं चालेल. मूठ आवळू नका. वल्हं बोटांच्या आकड्यात धरा, ढकलणाऱ्या हाताची बोटं सैल सोडा. आणि कयाक काठावर दोघांनी मिळून उचला, पायांत रबरी तळव्याचे बूट घालून. पाणी उतरलं की काठाचे दगड शेवाळलेले असतात.

प्रश्न : माझी मुलगी शिवाजीनगरला इंजिनिअरिंगला आहे आणि कॉलेजच्या बोट क्लबवर रोइंग करते. रेगाटाच्या तयारीत तिच्या मनगटाच्या वर, हाताच्या मागच्या बाजूला सूज आली. हात हलवला की आतून करकर लागते. घरचे म्हणतात, हा मुलींचा खेळ नव्हे, सोडून दे. काय करावं? – एक आई, निगडी

उत्तर : सोडायचं मुळीच नाही, ताई. दापोडीला कॉलेज ऑफ मिलिटरी इंजिनिअरिंगच्या आवारात लष्कराचं रोइंग केंद्र आहे, तुमच्या निगडीहून फार लांब नाही. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ वडिलांबरोबर विहिरी खोदायचा. २०१२ मध्ये लष्करात गेला, तिथे पहिल्यांदा वल्हं धरलं, आणि २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरी स्कल्समध्ये तेरावा आला. २०१८ च्या एशियाडमध्ये चौघांच्या नौकेत सुवर्ण मिळवलं. पाण्यातला हा खेळ आपल्या घराजवळचा आहे, आणि तो मुलांचा तितकाच मुलींचा.

आता करकर. मनगटापासून तीन-चार बोटं वर, अंगठ्याच्या बाजूला, अंगठ्याचे दोन स्नायू मनगट उचलणाऱ्या दोन टेंडनना तिरपे ओलांडून जातात. एकावर एक घासून तिथे सूज येते. वल्हवणाऱ्यांमध्ये हे इतकं दिसतं, की याला वल्हेकऱ्यांचं मनगटच म्हटलं जातं. पाण्यातून वर आलेलं पातं वारा लागू नये म्हणून आडवं करायला दर वेळी दांडी फिरवावी लागते. दोन हजार मीटरच्या एका शर्यतीत हे अडीचशेच्या आसपास वेळा होतं, सरावात त्याच्या कितीतरी पट.

वेळीच थांबलं तर हे दुखणं चांगलं बरं होतं. दोन-तीन आठवडे वल्हं बंद, रोइंग मशीनही बंद. अंगठ्यासह मनगटाचा पट्टा, दिवसातून दोन-तीन वेळा कापडात गुंडाळलेला बर्फ दहा-दहा मिनिटं. धावणं, जिना, सायकलीऐवजी चालणं चालू ठेवू द्या, दम टिकेल. तरीही सूज हटली नाही, किंवा बोटांना मुंग्या येऊ लागल्या, तर डॉक्टरांना दाखवा. परतल्यावर तिच्या प्रशिक्षकांना दोन गोष्टी बघायला सांगा. दांडी ती मनगट खाली पाडून फिरवते की बोटांत लोळवून? आणि ओली दांडी निसटेल म्हणून मूठ आवळते का? दांडीच्या मुठीची जाडी तिच्या पंज्याला जास्त असेल तर बारीक मूठ बसवून मिळते. मुलग्यांच्या मापाच्या बोटी वापरणाऱ्या मुलींना ही अडचण नेहमी येते, आणि त्या ती क्वचितच बोलून दाखवतात. तिला मागायला सांगा.